सलाईन लावलेलं झाड

तोंडात टूथपेस्टचा फेस आणि हातात ब्रश अशा अवस्थेत मी क्वार्टरचं मागचं दार उघडलं, तर माझ्या झाडापाशी एक म्हातारी उकिडवी बसलेली. एका हातानं तिनं पदराची ओटी धरली होती आणि दुसऱ्या हातानं पानं खुडत होती. घाई अजिबात नव्हती. मेथी निवडावी तसं एकेक पान उलटसुलट बघायचं, किडकं बाजूला टाकायचं, चांगलं ओटीत.

मी फेस थुंकले. "आजी, काय करताय?"

"काय न्हाई. दोन पानं घेतीया."

ओटीत तीसेक तरी होती.

"कशाला?"

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघून हसली. आम्हा दोघींनाच ठाऊक असलेलं काहीतरी मी उगाच विचारतेय, असं ते हसू होतं. "आता तुमीच इचारताय व्हय, कशाला?" एवढं बोलून ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि कुंपणाच्या फटीतून निघून गेली.

ही अंजिराबाई मदने. गोष्ट एक्क्याण्णव सालची. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात पिंपळसोंड नावाच्या गावी प्राथमिक आरोग्य केंद्रात माझी पहिली नेमणूक झाली होती. मी सव्वीस वर्षांची, सोलापुरात वाढलेली, एकटी. आईनं निघताना डालड्याच्या डब्यात एक झाड लावून दिलं होतं, जांभळ्या पानांचं, हिरव्या काठांचं. नाव तिलाही माहीत नव्हतं. एस.टी.त मांडीवर धरून मी ते आणलं आणि क्वार्टरच्या मागे मातीत लावलं. बाकी सगळ्या परिसरात बाभळी आणि घाणेरी, त्यामुळे ते झाड चुकून लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखं दिसायचं.

त्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग सुरू व्हायच्या आधी मी तोडकरांना गाठलं. तोडकर आमचे औषध देणारे. गावात बावीस वर्षं काढलेला माणूस, सगळ्या बातम्या त्यांच्या खिडकीतूनच आत यायच्या.

"तोडकर, लोक माझ्या झाडाची पानं का नेतायत?"

त्यांनी बाटल्यांची रांग सरळ केली. "बाई, दिवाळीत तुम्ही सोलापूरला गेला होता तेव्हा झाडाला सलाईन लावून गेला होता."

"सलाईन नव्हतं ते. रिकामी बाटली होती, साधं पाणी भरलेलं. चार दिवस झाड वाळू नये म्हणून काठीला टांगली."

"ते मला कळतंय. गावाला दिसली बाटली, नळी आणि थेंब थेंब." त्यांनी आवाज खाली आणला. "त्याच्या आदल्या आठवड्यात सरपंच स्वतः सलाईन मागायला आले होते. अंगात कणकण आहे म्हणाले. तुम्ही म्हणालात गरज नाही, पाणी प्या."

"नव्हतीच गरज."

"बरोबर आहे. पण बघा ना बाई. जी सलाईन सरपंचाला नाही, ती झाडाला. मग झाड साधं असेल का?"

मी एकेकाला समजावत सुटले. खोकल्याचा माणूस आला, त्याला समजावलं. बाळाला डोस पाजायला आलेल्या बायकांना समजावलं. हे शोभेचं झाड आहे, याचा काही उपयोग नाही, बाटलीत पाणी होतं. लोक फार समजूतदारपणे ऐकून घ्यायचे. "बरं बरं," म्हणायचे, "न्हाई तर न्हाई." सोपानकाका गलांडे म्हणून एक होते, तारुण्यात कुस्त्या केलेले, आता चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ते म्हणाले, "आमी कुटं म्हणतोय औषद हाय?" त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून जांभळं पान डोकावत होतं.

शेवटी मी एक पाटी रंगवून घेतली. ठळक अक्षरांत: 'या झाडाचा कोणत्याही रोगावर उपयोग नाही. वैद्यकीय अधिकारी, प्रा. आ. केंद्र.' झाडाशेजारी रोवली आणि निश्चिंत झाले.

आठ दिवसांत शेजारच्या तीन गावांतून लोक यायला लागले.

"न्हाव्याच्या दुकानात चर्चा झाली," तोडकर म्हणाले. "गावात लिंब आहे, बोर आहे, बाभळ आहे. त्यातल्या कुठल्या झाडावर सरकारनं पाटी लावलीय का? ज्याला उपयोग नाही त्याला पाटी कशाला लागते?"

सोलापुरात माझ्या कॉलेजच्या दिवसांतले वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांना पाकिटात दोन पानं घालून पाठवली. त्यांचं कार्ड आलं: शोभेचं झाड, नर्सरीत रुपयाला मिळतं, खाल्ल्यास चव वाईट, अपाय नाही. अपाय नाही म्हटल्यावर मी तो विषय सोडून दिला. खाऊ देत, म्हटलं. शेळ्याही खातात.

तो विषय मला सोडणार नव्हता हे फेब्रुवारीत कळलं.

अंजिराबाईला चौघांनी खाटेवर घालून आणलं, सोपानकाका त्यांतले एक; सोबत तिची सून शालन. विहिरीच्या वाटेवर चक्कर येऊन म्हातारी पडली होती. कपाळ खरचटलेलं, डोळे तांबारलेले. मी दंडाला पट्टा बांधून दाब घेतला. वरचा दोनशे दहा, खालचा एकशेवीस. खात्री पटेना म्हणून पुन्हा घेतला. तेवढाच.

कागद काढून बघितले, तर तीन महिन्यांपूर्वी मीच तिला तपासलं होतं आणि तेव्हापासून दर महिन्याला तिनं रक्तदाबाच्या गोळ्या नेल्या होत्या. एकही महिना चुकला नव्हता.

"आजी, गोळ्या घेता ना?"

"घेती की."

शालन जमिनीकडे बघायला लागली.

मी तिला इंजेक्शन दिलं, दुपारपर्यंत खाटेवर झोपवून ठेवलं, दाब थोडा उतरल्यावर घरी पाठवलं. आणि संध्याकाळची वाट न बघता तिच्यामागोमाग वस्तीवर गेले. दीड मैल, रणरणत्या उन्हात, चपलेचा अंगठा तुटलेला. त्या वेळी मला वाटत होतं मी रागानं चाललेय.

अंजिराबाई घराच्या सावलीला वाकळेवर बसली होती. मला बघून शालनला म्हणाली, "च्या ठेव."

"चहा नको. गोळ्या कुठे आहेत?"

शालननं मुकाट्यानं आतून पावडरीचा जुना डबा आणून माझ्या पुढ्यात ठेवला. मी झाकण काढलं. सगळ्या गोळ्या तशाच होत्या, तिन्ही महिन्यांच्या. खाली कापडाची चिंधी अंथरून वर नीट रचून ठेवलेल्या.

"घेते म्हणालात ना?"

"घेती की. तोडकर देतोय, मी घेती. खाती असं कुटं म्हनले?"

"मग खायच्या नव्हत्या तर टाकून का नाही दिल्या?"

ती दुखावल्यासारखी झाली. "सरकारनं दिल्याली वस्तू टाकायची कशी?"

मी वाकळेच्या कडेला बसले. पायाला चटके बसत होते. "आणि पानं?"

"रोज घेतीया. त्येच्यावरच तर हाय मी."

"आजी, तुमचा दाब दोनशे दहा आहे. आज तुम्ही पडलात. उद्या अर्धं अंग लुळं पडेल. पानानं काही होत नाही, हे मी तुम्हाला कितीदा सांगितलं?"

"सांगितलंसा."

"मग ऐकत का नाही?"

अंजिराबाईनं थोडा वेळ माझ्या पायांकडे बघितलं. मग बोटांवर मोजत एकेक सांगायला लागली. भांडणाचा सूर नव्हता, मला काही उमजत नाही आणि मला समजावून द्यायला हवं, असा होता.

"बाई, तुमची गोळी समद्यांला एकच. डोकं दुखलं पांढरी, प्वाट दुखलं पांढरी, माजं रगात चडलंय तरी पांढरीच. तोडकर खिडकीतनं टाकतोय, कोंबड्यांला दानं टाकल्यागत. त्यात माजं म्हनून काय हाय? दुसरं, गोळीला पथ्य न्हाई. ह्ये खाऊ नगं, त्ये खाऊ नगं, काय तरी सांगायला पायजे का नगं? ज्याला पथ्य न्हाई त्ये कसलं औषद? आन् तिसरं." ती थांबली. "तुमी म्हनलासा, जल्मभर घ्यायची. मंग गुन आला कसा म्हनायचा? गुन आला म्हंजे औषद बंद व्हतंय. जल्मभर घ्यायची म्हंजे गुन यायचाच न्हाई, ह्ये तुमीच कबूल केलंसा."

पाच वर्षं मी वैद्यक शिकले होते. परीक्षेत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

शालननं चहा आणून ठेवला. अंजिराबाई बशीत ओतत हळूच म्हणाली, "मालकाला मी तुमच्या दवाखान्यात नेलं व्हतं. तुमच्या आदी दुसरं डाक्टर व्हतं. त्येंनी गोळी दिली. मालक माज्या म्होरं गोळी गिळलं आन् सांजंला गेलं."

"किती दिवस आजारी होते?"

"धा दिस. ताप उतरंना."

"दहाव्या दिवशी नेलंत?"

"आदी लिंबाचा पाला केला, मंग भंडारा लावला. मंग न्हेलं."

आम्ही दोघींनी चहा संपवला.

पुढं जे झालं ते मी ठरवून केलं नाही. वस्तीवर जाताना माझ्या डोक्यात तसलं काही नव्हतं. कपबशी खाली ठेवली आणि माझ्या तोंडून वाक्य बाहेर पडलं.

"आजी, पानाला पथ्य आहे. ते पाळता का?"

ती ताठ बसली. "पथ्य हाय?"

"तर. पान रोज घ्यायचं नसतं. आठवड्यातून एकदा, सोमवारी. अंघोळ करून, उगवतीकडे तोंड करून. बत्तीस वेळा चावायचं."

"दात अकराच हायती."

"मग अकरा वेळा."

शालन दारातून सरकून जवळ आली. अंजिराबाई ओठांवरून बोट फिरवत प्रत्येक शब्द टिपत होती. मला आता थांबवेना.

"पान उष्ण आहे. नुसतं घेतलं तर रक्त उकळतं आणि माणूस पडतो. म्हणून त्याची उष्णता मारायला रोज सकाळी ही गोळी. सोमवारीही आणि बाकीच्या दिवशीही. मीठ निम्मं. पापड, लोणचं, खारी मिरची बंद. आणि एक दिवस जरी गोळी चुकली तर आधी घेतलेली सगळी पानं वाया जातात."

तिनं डोळे मिटले. बहुधा मोजत होती. "म्हंजे आजवरचं समदं वाया गेलं?"

"सगळं."

"आदी का न्हाई सांगितलंसा?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आन् किती दिस घ्यायचं?"

इथं मी अडकले. जन्मभर म्हणायची सोय राहिली नव्हती. "झाड आहे तोवर," मी म्हणाले.

हे तिला पटलं. तिनं डब्यातून एक गोळी काढली, उजेडात धरून बघितली आणि शालनला म्हणाली, "पानी आन."

परत येताना मला स्वतःची लाज वाटत होती आणि हसूही येत होतं. पुढच्या महिन्यात अंजिराबाईचा दाब एकशेसाठ झाला, त्याच्या पुढच्या महिन्यात एकशेचाळीस. तिनं गुरुवारच्या बाजारात भाजीवाल्यांपासून बांगडीवाल्यांपर्यंत सगळ्यांना पथ्य सांगितलं. मग काय, रांग लागली. "आमाला बी पथ्य सांगा," म्हणत लोक दाब तपासून घ्यायला दंड पुढे करायचे. ज्यांचा दाब खरोखर जास्त होता त्यांना मी गोळी आणि सोमवारचं पान द्यायला लागले. ज्यांचा नव्हता ते हिरमुसून परत जायचे. एक बाई तर रडली. म्हणाली, जावेला पान मिळतं आणि मला का नाही.

झाड छातीएवढं झालं. उन्हाळ्यात गावात टँकर यायचा, बायका घागरीसाठी भांडायच्या, पण पानाला येणारा प्रत्येक जण तांब्याभर पाणी आणून झाडाला घालायचाच. मी माझं अंघोळीचं पाणीही घालत होते. पाटी अजून जागेवरच होती. कुणीतरी तिला हळदकुंकू लावलं होतं.

मे महिन्यात जीप आली.

तालुका आरोग्य अधिकारी डॉ. जंगम खाली उतरले. त्यांच्या हातात निनावी पत्र होतं: 'शासकीय दवाखान्यात झाडपाल्याचा प्रकार चालू आहे, तरी चौकशी व्हावी.' साहेब सावकाश बोलणारे, कुठल्याही वाक्याच्या मध्ये रुमालानं कपाळ पुसणारे. त्यांनी आधी रजिस्टर मागवलं.

"रक्तदाबाचे एकेचाळीस रुग्ण," त्यांनी वाचलं. "पैकी नियमित उपचार घेणारे, एकेचाळीस. ही चूक आहे का?"

"नाही सर."

"सगळ्या तालुक्यात मिळून एकेचाळीस नियमित नाहीत. तुम्ही काय केलंत?"

मी सगळं सांगितलं. सलाईनच्या बाटलीपासून अकरा दातांपर्यंत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे तुम्ही रुग्णांना खोटं सांगितलंत."

"हो सर."

"लेखी?"

"नाही. तोंडी."

"ते एक बरं केलंत." त्यांनी कपाळ पुसलं. मग बाहेर जाऊन पाटी वाचली आणि आणखी गंभीर झाले. "ही पाटी कुठल्या परिपत्रकानुसार लावली? उपयोग नाही असं शासनातर्फे लिहिलंत, म्हणजे उपयोग आहे का याचा शासनानं विचार केला, असा अर्थ होतो. काढून टाका. आणि येत्या गुरुवारी बाजारच्या दिवशी सगळ्यांना इथं बोलवून स्पष्ट सांगा की हे झाड काही नाही. तसा अहवाल मला पाठवा."

त्यांचं म्हणणं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पुन्हा आत येऊन त्यांनी चहा घेतला, मग मी जीपपर्यंत सोडायला गेले. दार धरून ते जरा घुटमळले. ड्रायव्हर ऐकत नाहीये ना हे बघितलं.

"रिकाम्या पोटी, की जेवणानंतर?"

"सर, ते काहीच नाहीये."

"ते मला माहीत आहे, डॉक्टर उंबरजे. मी फक्त वेळ विचारतोय. घरी सौ.ची कंबर फार धरते."

जीप गेली. मी क्वार्टरच्या मागे आले. झाडाला एकही पान नव्हतं. साहेब आत चहा घेत होते तेवढ्या वेळात ड्रायव्हरनं शेंड्यापासून बुडापर्यंत ओरबाडून पोतं भरलं होतं. फांद्याही निम्म्या मोडलेल्या. नुसत्या काटक्या उभ्या होत्या. तीन दिवसांत त्याही सुकल्या.

झाड आहे तोवर, असं मी म्हणाले होते. आणि एकेचाळीस माणसं माझ्या त्या एका वाक्यावर गोळी खात होती.

"बाई, सांगूबिंगू नका," तोडकर म्हणाले. "अहवाल पाठवून द्या, सांगितलं म्हणून. मी दुसरीकडून कसलीतरी जांभळी पानं आणतो."

तोडकरांची सूचना मी दोन दिवस मनात घोळवली, हे कबूल करते. पण दुसरीकडची पानं कसली निघतील कोण जाणे. शिवाय त्या खोट्याला पुढे किती खोटी जोडावी लागतील याचा अंदाज येईना. बुधवारी मी आरशासमोर उभी राहून भाषणाची तयारी केली. त्यात रक्तवाहिन्या होत्या, हृदय होतं, मूत्रपिंडंही होती.

गुरुवारी बाजार उरकून साठेक माणसं केंद्राच्या व्हरांड्यासमोर जमली. पिशव्या, कोंबड्या, पोरं, सगळं घेऊन. अंजिराबाई पुढेच बसली होती, मांडीवर टोपलीभर वांगी. पाठ केलेलं सगळं मी बाजूला ठेवलं. मी एवढंच म्हणाले:

"ते झाड शोभेचं होतं. पानात काही औषध नव्हतं. तुम्ही गोळी घ्यावी म्हणून मी पथ्याचं खोटं सांगितलं. गुण आला तो गोळीनं आला. झाड गेलं, पण गोळी सोडू नका. तुम्हाला फसवलं, त्याबद्दल माफ करा."

एक कोंबडी पिशवीतून ओरडली.

मग सोपानकाका म्हणाले, "पान संपलं म्हनून तसं म्हनताय."

"नाही काका."

मागून एक बाई म्हणाली, "काय नव्हतं तर सायबानं पोतं भरून कशाला न्हेलं?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. साहेबांच्या सौ.च्या कंबरेबद्दल मी साठ माणसांसमोर बोलू शकत नव्हते.

सोपानकाकांनी दोरा बांधलेला चष्मा सारखा केला. कुस्तीत समोरच्याचा पाय कुठे आहे ते बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं, तुमचं खरं धरलं. पानाचं तुमी खोटं बोललासा. मंग गोळीचं खरं बोलताय कशावरनं?"

हाच प्रश्न येणार याची मला आतून भीती होती. पुस्तकं होती माझ्याजवळ. आलेख होते, पदवी होती. त्यातली कुठलीही गोष्ट त्या अंगणात उपयोगाची नव्हती. लोकांच्यात कुजबुज सुरू झाली. एका बाईनं मगाशीच तोडकरांकडून घेतलेली पुडी उघडली, गोळ्यांकडे संशयानं बघितलं आणि ती व्हरांड्याच्या कठड्यावर परत ठेवली. तिचं बघून दुसरीनं ठेवली.

तेव्हा अंजिराबाईनं वांग्यांची टोपली खाली ठेवली आणि ती उठली.

"बाई खरं बोलतीया," ती म्हणाली. "मी दोन म्हैनं झालं पानाला शिवली न्हाई. कडू जहर लागतंय, मला जाईना. नुसती गोळी खाती. बगा माज्याकडं. फेब्रुवारीत मला उचलून आनली व्हती, सोपाननंच खाटंचा पाय धरला व्हता. आता बाजार करून वांगी डोस्क्यावर घिऊन चालत आलीया. ह्यो पानाचा गुन हाय का?"

"शपथ घे," सोपानकाका म्हणाले.

"घेती. माज्या मेंढरांची आन. खोटं आसंल तर एक मेंढरू जित्तं ऱ्हायचं न्हाई."

धनगराच्या बाईनं मेंढरांची आण घेतली म्हटल्यावर पुढं बोलायचं काय? सोपानकाका तोडकरांच्या खिडकीशी गेले आणि हात आत घातला. "आन रं माज्या." कठड्यावरच्या पुड्या एकेक करून उचलल्या गेल्या. मी मघाशी जे सांगितलं तेच अंजिराबाई बोलली होती, त्यात एक अक्षरही जास्त नव्हतं. पण मला ते पुस्तकातून माहीत होतं, आणि तिचं पडणं आणि उठणं साऱ्या गावानं डोळ्यांनी बघितलं होतं.

गर्दी पांगल्यावर ती दाब बघून घ्यायला आत आली. स्टुलावर बसली, बाही वर केली. मी पट्टा गुंडाळत विचारलं, "आजी, दोन महिने पान खाल्लं नाही, मला बोलला नाहीत कधी."

तिनं दाराकडे बघितलं. तोडकर बाहेर होते. "सोमवारच्या सोमवारी खाती की. परड्यात फांदी लावलीया, टोपल्याखाली. शेळ्या सोडत न्हाईत."

"मग शपथ? मेंढरांची?"

"मेंढरं गेल्या सालीच इकली. गावाला वाटतंय, घाटाकडं चरायला गेलीत."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात."

"व्हय. तुमी माज्या दारात बसून बोललासा, तवा मी कुनाला सांगितलं का?"

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"बाई, पानाला उगवती-मावळती कळती व्हय?" ती माझ्याकडे वस्तीवरच्या त्या दुपारसारखंच, समजूत घालणाऱ्या नजरेनं बघत होती. "पर तुमी भर उनाचं आलासा, तुटकी चप्पल घिऊन. तास-दीड तास बसून एवडं लांबलचक खोटं बोललासा. म्या म्हनलं, ही पोर एका गोळीपायी एवडं खोटं बोलतीया म्हंजे गोळीत काय तरी आसंल."

"आणि पान? ते कशाला खाता मग?"

"गोळी तुमच्यासाटी खाती. पान माज्यासाटी."

"आता बोलू नका," मी म्हणाले. "बोललं की आकडा चुकतो."

ती गप्प बसली. मी फुगा दाबला, कानात स्टेथोस्कोप घातला, पारा उतरताना बघितला. वरचा एकशेछत्तीस, खालचा चौऱ्याऐंशी.

"कसं हाय?"

"छान आहे."

"मंग ह्यो गुन कशाचा धरायचा?"

"गोळीचा," मी म्हणाले.

अंजिराबाईनं बाही खाली ओढली. जरा विचार केल्यासारखं केलं. "बरं," ती म्हणाली, "तुमी म्हनताय तर गोळीचा," आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्यांसाठी तिनं हात पुढं केला.